मुतखड्याच्या ऑपरेशनला कसं झोपवतात? पालथं, उताणं की पाय वर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली भागातून मुतखड्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले बरेचसे खड्याबद्दल नसतातच. "आईला पालथं झोपवणार म्हणतात, झेपेल का?" असे ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खडा काढायचा तर काढायचा. कसं झोपवतात याने एवढा काय फरक पडतो?

किडनी पोटात पुढच्या बाजूला नसते. ती पाठीच्या स्नायूंना टेकून, अकराव्या-बाराव्या बरगडीच्या आड असते. तिच्या वर फुप्फुसाचं आवरण, बाहेरच्या अंगाला मोठं आतडं, उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा. शिवाय ती खिळ्याने ठोकलेली नसते, श्वासाबरोबर वरखाली सरकते. माणूस उताण्याचा पालथा झाला की किडनी, आतडं आणि खडा तिन्ही थोडे थोडे जागा बदलतात. सुई कुठून घालायची, वाट किती लांब पडणार, आत सोडलेलं पाणी कसं बाहेर येणार आणि फुटलेला चुरा कुठल्या कोपऱ्यात साठणार, हे सगळं त्यावर ठरतं.

२. कोणत्या ऑपरेशनला कसं झोपवतात?

पाठीतून छोटं भोक पाडून खडा काढतात ते पीसीएनएल. साधारण २ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या खड्यांना हेच करतात, आणि ते पालथं किंवा उताणं, दोन्ही प्रकारे होतं (प्रश्न ३ आणि ४). लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने खडा फोडायचा असेल, म्हणजे यूआरएस किंवा आरआयआरएस, तर उताणं झोपवून दोन्ही पाय वर टेकूंवर ठेवतात. बाळंतपणाच्या टेबलासारखं (प्रश्न ९ आणि १०). बाहेरून धक्कालहरी देऊन खडा फोडायचा असेल तर बहुतेक वेळा उताणंच, पण त्याला अपवाद आहेत (प्रश्न ११).

३. पालथं झोपवून पीसीएनएल करतात म्हणजे नेमकं काय काय करतात?

आधी रुग्ण उताणाच असतो. भूल दिल्यावर पाय वर घेऊन मूत्राशयात दुर्बीण घालतात आणि किडनीपर्यंत ५ किंवा ६ फ्रेंचची बारीक नळी सरकवतात (३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर). पुढे या नळीतून औषधी रंग सोडला की एक्स-रेच्या पडद्यावर किडनीतले कप्पे दिसू लागतात.

मग पालथं करायचं. हे एकदोघांचं काम नाही, किमान चार-पाच माणसं लागतात. भूलतज्ज्ञ डोकं आणि श्वासनळीतली नळी धरतो आणि त्याच्या शब्दावर सगळे एकदम वळवतात. छातीखाली एक आणि ओटीपोटाखाली एक जाड रोल ठेवतात, मधलं पोट मोकळं लोंबतं राहिलं पाहिजे. पोट दाबलं गेलं तर मोठी शीर दबते, हृदयाकडे रक्त कमी येतं आणि रक्तदाब उतरतो. चेहरा फोमच्या उशीत, डोळ्यांना पट्टी, पण डोळ्यांवर आणि नाकावर कणभरही दाब नको. हात कोपरात वाकवून डोक्याच्या बाजूला, खांद्यापासून ९० अंशांच्या आत. कोपर आणि गुडघ्यांखाली जेलचे पॅड, नडग्यांखाली उशी, म्हणजे पायाची बोटं टेबलावर चेपत नाहीत. बायकांचे स्तन आणि पुरुषांचं अंडकोश रोलखाली अडकलेलं नाही ना, हे हात घालून पाहावं लागतं. नुसतं बघून कळत नाही.

त्यानंतर सी-आर्म म्हणजे फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत १८ गेजची सुई मागच्या बाजूच्या कप्प्यात, तार आत, तारेवरून वाट रुंद करणं, मग शीथ, म्हणजे दुर्बीण घालायची पोकळ नळी. नेहमीच्या पीसीएनएलला २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर. मिनी पीसीएनएलला साधारण १४ ते २० फ्रेंच. वळवण्यातच पंधरावीस मिनिटं जातात. ऑपरेशनला "एवढा वेळ का लागला?" म्हणून नातेवाईक बाहेर काळजीत पडतात, त्यातला हा एक भाग असतो.

४. भोक पाठीत पाडायचं आणि माणूस उताणा, हे कसं जमतं?

भोक बरोबर पाठीच्या मध्यावर नसतंच, ते कुशीच्या मागच्या कडेला असतं. स्पेनमधले डॉक्टर वाल्दिविया यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली. रुग्णाला टेबलाच्या कडेला घेऊन खड्याच्या बाजूच्या कुशीखाली ३ लिटरची सलाइनची पिशवी किंवा जेलचा रोल सारतात, त्याने ती बाजू उचलली जाते. त्या बाजूचा हात छातीवरून पलीकडे घेतात. याच पद्धतीच्या सुधारलेल्या, गाल्दाकाओ नावाच्या प्रकारात खड्याच्या बाजूचा पाय सरळ आणि दुसरा वाकवून बाजूला ठेवतात. त्यामुळे एक डॉक्टर कुशीतून आणि दुसरा त्याच वेळी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून काम करू शकतो. गुंतागुंतीच्या, फांद्या फुटलेल्या खड्यांत याचा मोठा उपयोग.

एक बारकावा: बारावी बरगडी, कमरेच्या हाडाची वरची कड आणि काखेच्या मागच्या घडीतून खाली येणारी रेघ, या तीन खुणा कूस उचलण्याआधी पेनाने काढायच्या असतात. उचलल्यावर कातडी सरकते आणि खुणा फसवतात. सुई त्या रेघेच्या पुढे घातली तर आतड्याचा धोका वाढतो.

५. मग दोन्हींत चांगलं कुठलं?

युरोपातल्या युरॉलॉजी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं दोन्हींना सारखंच सुरक्षित मानतात. अनेक देशांतल्या ५,८०३ रुग्णांची एक मोठी पाहणी २०११ च्या सुमारास आली. त्यात पालथ्यांपैकी ७७ टक्के रुग्ण खडामुक्त झाले, उताण्यांपैकी ७०.२ टक्के. वेळही पालथ्यात थोडा कमी, सरासरी ८२.७ मिनिटं विरुद्ध ९०.१. उलट रक्त द्यावं लागणं आणि ताप येणं हे पालथ्यात थोडं जास्त. पण कोणाला कसं झोपवायचं हे त्या पाहणीत चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. रुग्ण आणि रुग्णालयं वेगळी होती. त्यामुळे त्या आकड्यांवरून "पालथं भारी" असं ठरवणं घाईचं होईल.

पालथ्यात पाठीवर जागा मोठी मिळते. दोन-तीन भोकं पाडता येतात, वरच्या कप्प्यात थेट शिरता येतं, किडनी फार सरकत नाही. पण शीथ उभी राहते, त्यामुळे पाण्याला आणि चुऱ्याला वर चढून बाहेर यावं लागतं.

उताण्यात शीथ आडवी किंवा किंचित खाली झुकलेली असते. पाणी आपोआप वाहतं आणि चुरा त्याबरोबर बाहेर पडतो. किडनीतला दाब कमी राहतो, आणि हा दाब महत्त्वाचा आहे. तो साधारण ३० मिलिमीटर पाऱ्याच्या, म्हणजे सुमारे ४० सेंटीमीटर पाण्याच्या वर गेला की जंतू असलेलं पाणी रक्तात ढकललं जाऊ शकतं. ऑपरेशननंतर थंडी वाजून ताप भरतो, त्याचं हे एक मुख्य कारण. उताण्याची अडचण अशी की किडनी पुढे निसटते, वाट लांब पडते, दुसऱ्या भोकाला जागा कमी आणि वरच्या कप्प्यात थेट सुई घालणं अवघड.

६. वडिलांना दम लागतो, हृदयाचं औषध चालू आहे. पालथं झोपवणं झेपेल का?

पोट मोकळं ठेवून नीट पालथं केलं तर फुप्फुसांना प्राणवायू कमी पडतोच असं नाही. कित्येकदा उलट सुधारतो. खरी भीती दुसरी आहे. श्वासाची नळी निसटली किंवा हृदय थांबलं तर पालथ्या माणसावर हात चालत नाही, आधी उताणं करावं लागतं. म्हणून अशा रुग्णाच्या वेळी स्ट्रेचर दाराशीच तयार ठेवतात. हृदय कमजोर, फुप्फुसं तंबाखू-विडीने किंवा चुलीच्या धुराने खराब झालेली किंवा वजन फार असेल तर बरेच भूलतज्ज्ञ उताण्याचाच आग्रह धरतात, आणि तो आग्रह रास्त आहे. टूडी इको, छातीचा एक्स-रे आणि भूलतज्ज्ञाची तपासणी तारीख ठरण्याआधी झाली पाहिजे, आदल्या रात्री नव्हे.

७. कमरेत इंजेक्शन देऊन पालथं करतात का? मग आपण जागेच?

हो, बऱ्याच ठिकाणी करतात. रुग्ण स्वतःच सांगतो, "हात दुखतोय, मान वळवा", हा त्याचा फायदा. पण तास-दीड तासाने अंग अवघडतं, खोकला येतो, भीती वाटते. वरच्या कप्प्यात काम असेल तर भूल छातीच्या खालच्या भागापर्यंत चढवावी लागते आणि रक्तदाब घसरू शकतो. मोठा, फांद्यांचा खडा किंवा लांबणारं काम असेल तर पूर्ण भूलच बरी. सतत खोकणाऱ्याने हे आधी सांगावं. सुई किडनीत असताना खोकला आला तर किडनी सुईवर हलते.

८. माझा खांदा उतरलेला आहे (तालमीतला). हात वर ठेवायला त्रास होईल का?

हे जरूर सांगा. भुलेत स्नायू सैल पडतात आणि दुखतंय हे सांगणारा जागा नसतो. आधी निखळलेला खांदा, अवघडलेला खांदा, मानेतली नस दबलेली असेल तर हात वर न घेता अंगालगत ठेवतात किंवा उताण्याची निवड करतात. तपासायची सोपी रीत: घरी पलंगावर पालथं पडा, हात कोपरात वाकवून डोक्याच्या बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. हमाली करणारे आणि ऊसतोड करणारे यांच्यात असे खांदे बरेच दिसतात, पण "त्याचं काय सांगायचं" म्हणून ते गप्प बसतात.

ऑपरेशननंतर करंगळीकडे बधिरपणा किंवा हात उचलायला कमजोरी वाटली तर बहुधा नस ताणली किंवा दबलेली असते. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. तरी पहिल्याच दिवशी सांगून कागदावर नोंद करून घ्या. पालथ्यानंतर डोळ्याभोवती आणि ओठांवर सूज एक-दोन दिवस राहते, तिची काळजी नको. मात्र दिसायला अंधुक झालं तर त्याच घटकेला सांगायचं.

९. आईचे गुडघे वाकत नाहीत, खुबा बदललाय. पाय वर कसे ठेवणार?

पाय किती वाकतात हे आई जागी असतानाच तपासायचं, भूल दिल्यावर ताणून नव्हे. खुबा बदललेला असेल तर त्या बाजूचा पाय कमी उचलतात किंवा सरळच ठेवतात. आरआयआरएसच्या लवचिक दुर्बिणीला त्याने फारसं अडत नाही. दोन्ही पाय एकाच वेळी उचलायचे आणि उतरवताना सावकाश उतरवायचे. झटक्यात उतरवले तर रक्त पायात जाऊन रक्तदाब पडतो.

गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाच्या मानेवरून एक नस जाते. टेकू तिथे घासला तर पाऊल उचलेनासं होतं, म्हणून तिथे जाड पॅड हवाच. काम चार तासांच्या पुढे गेलं तर पोटरीत दाब वाढण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो. शुद्धीवर आल्यावर पोटरी दगडासारखी घट्ट, बोटं ताणली की असह्य दुखणं, असं झालं तर सकाळपर्यंत थांबू नका.

१०. आरआयआरएसच्या वेळी टेबल तिरकं केलं, डोकं खाली केलं. का?

किडनीचा खालचा कप्पा म्हणजे आडाचा तळ. चुरा तिथे साठतो आणि दुर्बिणीला तिथे पोचायला खूप वळावं लागतं. म्हणून डोकं साधारण १५ अंश खाली आणि टेबल खड्याच्या विरुद्ध बाजूला १५ अंश कलतं करतात. मग गुरुत्वाकर्षणाने खडा आणि चुरा वरच्या कप्प्याकडे येतो, तिथे लेझर सरळ लागतो. नाही आला तर बारीक जाळीच्या टोपलीत धरून वर नेऊन ठेवतात.

डोकं खाली असताना माणूस घसरू नये म्हणून खांद्यांना आडव्या टेकण्या लावणं धोक्याचं, त्याने खांद्याजवळच्या नसा दबतात. न घसरणारी गादी आणि पट्टा बरा. काचबिंदू असेल तर आधी सांगा.

११. धक्कालहरींच्या वेळी मला पोटावर झोपवलं, शेजारच्याला पाठीवर. चूक झाली का?

नाही. लहरींना हाड आणि हवा ओलांडता येत नाही. खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात, कमरेच्या हाडाआड असेल तर मागून लहरी पोचत नाहीत. म्हणून पालथं झोपवून पुढून देतात. घोड्याच्या नालेसारखी जोडलेली किंवा खाली राहिलेली किडनी असेल तरी असंच. लहरी देताना हलू नका. जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तरी ताकद वाया जाते.

१२. खालच्या कप्प्यात खडा आहे. शीर्षासन केल्याने पडेल का?

अख्खा खडा पडत नाही. धक्कालहरींनी चुरा झाल्यावर मात्र भरपूर पाणी पाजून, डोकं खाली करून पालथं झोपवून कुशीवर हलके थापटण्याची उपचारपद्धत आहे आणि काहींना तिचा उपयोग होतो. ती फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करायची असते. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, मानेचं दुखणं यांपैकी काही असेल तर नाहीच.

१३. डॉक्टर म्हणतात, "आम्ही पालथंच करतो." दुसरीकडे जावं का?

नुसत्या तेवढ्यावरून नको. ज्या पद्धतीवर हात बसलाय, तीत माणूस कमी चुकतो. सांगली-मिरज किंवा कराडमध्ये पर्याय आहेत म्हणून "उताणं करणारा" शोधत फिरणं सगळ्यांसाठी गरजेचं नाही. पण प्रश्न ६, ८ किंवा १५ मधलं काही तुम्हाला लागू असेल तर स्पष्ट विचारा: "माझ्यासाठी पालथं का, आणि मध्येच उताणं करावं लागलं तर काय तयारी आहे?" याला नीट उत्तर देणारा डॉक्टर बरा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

१४. आतड्याला किंवा फुप्फुसाला इजा होते म्हणतात. झोपवण्याचा त्याच्याशी संबंध आहे?

आहे. काही लोकांत मोठं आतडं किडनीच्या मागे गेलेलं असतं, आणि पालथं केल्यावर हे प्रमाण वाढतं. इजा एक टक्क्याहूनही कमी वेळा होते, तरी सीटी स्कॅनमध्ये आतडं कुठे आहे ते बघूनच सुईची जागा ठरवावी. सीटी बहुधा उताणं घेतात हे लक्षात ठेवायचं. ऑपरेशन पालथं असेल आणि आतडं मागे झुकलेलं दिसत असेल तर सोनोग्राफीने बघत सुई घालणं किंवा पालथं सीटी घेणं शहाणपणाचं.

फुप्फुसाच्या आवरणाचा धोका बाराव्या बरगडीच्या वरून सुई घातली की वाढतो, अकरावीच्या वरून तर फारच. नंतर दम लागणं, श्वास घेताना छातीत दुखणं, हे लगेच सांगायचं. आवरणात पाणी साठलेलं असू शकतं.

१५. वजन ११० किलो आहे. पालथं की उताणं?

बहुतेकदा उताणं किंवा लवचिक दुर्बीण. पालथ्यात पोट लोंबतं ठेवायला रोल पुरत नाहीत, छाती दबते, वळवायला माणसं जास्त लागतात. कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर सीटीवर मोजून जास्त लांब शीथ आणि दुर्बीण आहे का हे आधीच बघावं लागतं. आखूड शीथ चरबीत हरवते, हा टाळण्यासारखा घोळ आहे. टेबल किती वजन पेलतं, हेही विचारा.

१६. दोन्ही किडन्यांत खडे आहेत. एकाच वेळी?

पालथ्यात न वळवता दोन्ही बाजू करता येतात. उताण्यात कूस बदलून पुन्हा निर्जंतुक कापडं अंथरावी लागतात. पहिली बाजू रक्त न जाता, वेळेत उरकली तरच दुसरीला हात लावतात.

१७. गरोदरपणात?

पीसीएनएल शक्यतो टाळतात, धक्कालहरी अजिबात नाहीत. वेदना थांबत नसतील किंवा ताप असेल तर स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची आतली नळी) टाकतात, नाहीतर दुर्बिणीने खडा काढतात. पाचव्या महिन्यानंतर सपाट उताणं झोपवायचं नाही. उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे सुमारे १५ अंश कलतं ठेवतात, नाहीतर गर्भाशयाखाली मोठी शीर दबते.

१८. सहा वर्षांचं मूल आहे.

दोन्ही पद्धती चालतात, फक्त रोल मुलाच्या मापाचे हवेत. मुलं पटकन थंड पडतात, म्हणून सलाइन अंगाच्या तापमानाएवढं कोमट, खोली उबदार, आणि आत गेलेलं-बाहेर आलेलं पाणी मोजायचं. मोठ्यांसाठी किरकोळ असलेला फरक मुलाला भारी पडतो.

१९. घरी आल्यावर कुठल्या कुशीवर झोपू?

स्टेंट असेल तर कुठल्याही. पाठीतून नळी बाहेर असेल तर ती दबणार नाही अशा कुशीवर, आणि पिशवी कमरेच्या खाली. एकाच बाजूला वारंवार खडे होणाऱ्यांत झोपायची नेहमीची कूस आणि खड्याची बाजू बऱ्याचदा जुळते असं निरीक्षण २००१ साली छापून आलं होतं. त्यासाठी झोप मोडायची गरज नाही. जत, आटपाडी, माण, खटावच्या उन्हात दिवसभर राबून दोन तांबे पाण्यावर भागवणाऱ्याने कुशीपेक्षा लघवीचा रंग बघावा. दिवसाला निदान अडीच लिटर फिकट लघवी व्हायला हवी.

२०. पाठीचा कणा फारच वाकडा आहे किंवा किडनी जागेवर नाही. मग?

कण्याला मोठा बाक असेल तर पालथं सपाट करता येत नाही. बाकाप्रमाणे रोल रचतात किंवा कुशीवर झोपवतात, आणि किडनी वळलेली असते म्हणून सीटीशिवाय सुई घालत नाहीत.

जोडलेल्या किडनीत कप्पे मागे आणि आतल्या बाजूला वळलेले असतात आणि सगळीच किडनी खाली असते. त्यामुळे पालथं झोपवून वरच्या कप्प्यातून शिरणं इथे सोपं पडतं; बरगड्या आणि फुप्फुस वर राहतात, वाट मात्र लांब. ओटीपोटात राहिलेल्या किडनीच्या पुढे आतडी आणि मागे हाड असतं, म्हणून लवचिक दुर्बीण, किंवा पोटातून दुसरी दुर्बीण घालून आतडी बाजूला धरत सुई. दुसऱ्याची घेऊन बसवलेली किडनी जांघेच्या वर, कातडीच्या जवळ असते. तिथे उताणं झोपवून सोनोग्राफीवर बघत पुढूनच सुई घालतात.